'म.'समोरचे पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचे नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. मोडी कागद वाचून देणाऱ्यांनी आणि वाचून घेणाऱ्यांनीही, आमच्या घराण्याच्या जुन्या कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करून तुम्ही पाठवलेले ते पान एकदा पाहावे, असे फार वाटते.

पान ३, ओळ १४. आधी बाईचे नाव, मग एकटा 'म', मग पुरुषाचे नाव. लिप्यंतरात तुम्ही तो 'म.' तसाच ठेवलात आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेत : "मर्द? की मयत? याच पानावरच्या बाकीच्या चार ओळी पाहा." तुमच्याकडे येण्याआधी हा कागद दोन ठिकाणी वाचून झाला होता. दोन्हीकडे तिथे निःशंकपणे 'मयत' असे छापून आले होते. त्या एका शब्दाने पुरुष त्या सालीच वारला असे ठरले, त्यानंतर जन्मलेले दोन मुलगे त्याचे असूच शकत नाहीत असे ठरले, आणि वंशावळीत ते धाकट्या भावाच्या नावाखाली गेले. अख्खी शाखा एका अक्षराने हलली होती.

तुम्ही म्हणालात तशा बाकीच्या चार ओळी पाहिल्या. चारही ठिकाणी तीच मांडणी : बाईचे नाव, 'म', पुरुषाचे नाव. आणि त्याच पानाच्या तळाशी, जिथे खातेदार खरोखर वारला आहे, तिथे त्याच लेखनिकाने 'मयत' हा शब्द पूर्ण लिहिला आहे, तोही नावाच्या नंतर शेऱ्यासारखा. म्हणजे या हातचा 'म' म्हणजे मर्द, अमक्या बाईचा नवरा. कोशात शोधून हे कळले नसते. लेखनिकाची सवय त्याच्याच पानावर शोधायची असते, हे त्या समासातल्या ओळीने शिकवले.

त्याखाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली होती, ती तर आम्ही कितीदा वाचली : "मर्द ठरले तरी तो तेव्हा हयात होता असे यावरून म्हणू नये, विधवेच्या नावापुढेही मर्द लिहीत." आपलेच वाचन बरोबर ठरत असताना त्यातून जास्तीचा अर्थ निघू नये म्हणून कोण इतकी काळजी घेतो? हयातीचा पुरावा वेगळा शोधावा लागला आणि तो तुमच्याच यादीत निघाला. सहा वर्षांनंतरच्या एका पावतीवर त्याच पुरुषाच्या नावाखाली 'द. खु.' आहे, म्हणजे दस्तुरखुद्द, स्वतःच्या हाताने. सही करणारा माणूस जिवंत होता. मुलगे आपल्या बापाकडे परत आले.

आधीच्या दोन वाचनांबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. मोडीत चूक होणे स्वाभाविक आहे, त्याचा राग नाही. शिरोरेघ आधी सबंध ओळभर ओढून मग अक्षरे लिहायची, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळायचा नाही, अशी ही धावती लिपी. एकटा 'म' पुढच्या नावाला चिकटून आला तर तो नावाचे पहिले अक्षरही वाटू शकतो. राग आहे तो शंका लपवल्याचा. पानामागे दर घेऊन स्वच्छ देवनागरी मजकूर हातात दिला. त्यात ना कंस, ना ओळींचे क्रमांक, ना मूळ संक्षेप. कागदात काय होते आणि वाचणाऱ्याने काय घातले, हे वेगळे करायची सोयच ठेवली नव्हती. विचारले तर उत्तर मिळाले, "इतकी वर्षे वाचतोय." घरच्या माणसांनी मग तेच खरे मानून पुढच्या पिढ्यांची नावे भरली.

तुमच्या पानावर तीन रकाने होते. पहिल्यात ओळीचा क्रमांक, दुसऱ्यात कागदावर आहे तसेच अक्षर, तिसऱ्यात चौकटी कंसात उलगडा. जिथे दोन उलगडे शक्य तिथे दोन्ही, आणि जिथे एकही नाही तिथे कंस रिकामा. अठरा कागदांत असे अकरा रिकामे कंस होते. आधीच्या वाचनांत एकही नव्हता.

याच रकान्यांमुळे बाकीचे संक्षेपही हळूहळू आमचे आम्हाला लागू लागले. अक्षरापुढच्या दोन दंडांनी सुरुवातीला किती घोळ घातला होता! मौ॥ म्हणजे मौजे, गु॥ म्हणजे गुजारत, अमक्याच्या मार्फत, हे सरावाने कळते. पण तेच दोन दंड आकड्यापुढे आले की अर्धा रुपया होतात. एक दंड चार आणे, दोन दंड आठ, तीन दंड बारा, आणि आडव्या रेघा एकेका आण्याच्या. खर्चाच्या यादीत ५॥ म्हणजे साडेपाच रुपये, ५।- म्हणजे पाच रुपये पाच आणे. तुम्ही समासात दोनच शब्द लिहिलेत, "डावीकडे काय?" डावीकडे अक्षर असेल तर संक्षेप, आकडा असेल तर रक्कम. त्यानंतर यादीच्या बेरजा जुळल्या. बेरीज जुळणे ही वाचन बरोबर असल्याची सर्वांत भक्कम खूण, हेही तुमचेच सांगणे.

नि॥ ने तर नसलेले एक आजोबा घरात आणले होते. निसबत म्हणजे अमक्याशी संबंधित, त्याच्याकडे चाकरीला असलेला. आधीच्या वाचनात नि॥ च्या पुढचे नाव बापाचे धरले गेले. बापाचे नाव बिन किंवा वलद यांच्यापुढे येते. बाईच्या बाबतीत कोम, जौजे, मर्द किंवा पुढच्या काळात भ्र., म्हणजे भ्रतार, यांच्यापुढे नवऱ्याचे नाव. निसबत आणि दिमत यांच्यापुढे धन्याचे किंवा पथकाच्या प्रमुखाचे. वंशावळ मांडणाऱ्याने एवढे भिंतीवर लिहून ठेवले तरी निम्म्या चुका टळतील. आणि सहीपाशी आलेला 'नि' मात्र निशाणीचा असू शकतो, त्याच्याशेजारी नांगराचे चित्र किंवा अंगठा असतो. तुम्ही तो वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने दाखवला होता.

सालांचे तर काय सांगावे. जुन्या पत्रावर "खमस सितैन मया व अलफ" होते. खमस पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन ११६५, मराठी दफ्तरांत अरबी शब्दांत लिहीत तो सन. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे पुन्हा मृग येईपर्यंत ६०० मिळवायचे, की इसवी सन १७६४-६५ निघतो. आधीच्या एका वाचनात ते "सीत खमसैन" झाले होते. सीत सहा, खमसैन पन्नास, म्हणजे ११५६, आणि पत्र नऊ वर्षे मागे गेले. खमस-खमसैन आणि सीत-सितैन या जोड्या सर्वांना फसवतात, कारण घाईच्या हातात शेवटचा 'न' नुसता फराटा होतो. तुम्ही त्यावर उपाय सुचवलात तो किती साधा : कागदावर फसली, म्हणजे महसुली सनही असेल तर तो शुहूरपेक्षा नऊने जास्त आला पाहिजे. दुसऱ्या कोपऱ्यात फसली ११७४ होताच. तो आधी कोणी पाहिला नव्हता. आणि 'छ' या चांद्र तारखेच्या खुणेपुढची रजब, सफर ही मुसलमानी महिन्यांची नावे पाहून हा कागद आपल्या घरचा नसावा असेही कोणी तरी सांगून गेले होते. मराठी दफ्तरांत चांद्र तारखा अशाच लिहीत, हे तुम्ही किती शांतपणे समजावलेत.

सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांवरच्या अ. पा. क. आणि ए. कु. पु. यांचा उलगडा आता अनेकांना माहीत आहे. अज्ञान पालनकर्ता आणि एकत्र कुटुंब पुढारी. पण त्यातून काय काढायचे हे तुम्ही दाखवलेत. मुलाच्या नावानंतर अ. पा. क. आणि पुढे आईचे नाव असेल तर त्या नोंदीच्या साली मुलगा अठराच्या आतला आणि बाप बहुधा नाही. म्हणजे मुलाच्या जन्माला मागची हद्द मिळाली आणि बापाच्या मृत्यूला पुढची. ए. कु. पु. दिसले तर एकच नाव पाहून थांबायचे नाही, पाठचे भाऊ त्या तीन अक्षरांत झाकलेले असतात, त्यांच्यासाठी फेरफार उघडायचा.

भांड्यांवरच्या नावांकडे तर कोणी कागद म्हणून पाहातच नाही. तुम्ही ताम्हण आणि तांब्या यांचे फोटो मागितलेत, तेही घासूनपुसून चकचकीत न करता, कारण ठोकून घातलेल्या नावाचे बिंदू घासण्याने झिजतात. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढला आणि पुसट भाग उठून आला : 'चि. सौ. कां.' पुढे मुलीचे नाव. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी लग्नाच्या उंबरठ्यावरच्या मुलीला लिहितात, म्हणजे ताम्हण लग्नातले आणि त्यावरचे आडनाव माहेरचे असण्याचा संभव मोठा. त्याच बाईच्या नावामागे तांब्यावर 'गं. भा.' आहे, म्हणजे गंगाभागीरथी, विधवा. या दोन भांड्यांच्या मधे तिचा संसार बसतो. 'कै.' असेल तर भांडे स्मरणार्थ दिलेले, त्यावरचे साल मृत्यूचे समजू नये, ही सूचनाही तुमचीच. पत्रांतल्या 'चि.' वरून मुलगाच धरू नये, धाकटा भाऊ आणि पुतण्याही चि. असतो, आणि 'ती.' थोरल्या भावालाही लिहीत, हेही.

हे सगळे ज्ञान मोठे आहेच. पण काका, मनात राहिली आहे ती ती पेन्सिल. शाईने लिहिले असते तरी आम्ही विश्वास ठेवला असता. तुम्ही पेन्सिल घेतलीत, कारण पुढे कोणाला जास्त चांगला पुरावा मिळाला तर त्याला खोडता यावे. दुसऱ्याच्या घराण्यातली माणसे, तुमचा त्यांच्याशी काही संबंध नाही, मानधनाचा विषय तुम्ही काढू दिला नाहीत, आणि तरी त्यातला एक माणूस चुकून आधी मरू नये म्हणून तुम्ही एका अक्षरापाशी थांबलात. जाणकार माणसाने "मला नक्की सांगता येत नाही" असे लिहून देणे, यात समोरच्याचा केवढा मान राखलेला असतो! अशी माणसे गावोगावी आहेत. देवळाच्या ओवरीत, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, तलाठ्याच्या कचेरीबाहेर बसून ती लोकांचे कागद वाचून देतात आणि चहाही नको म्हणतात. त्यांचेही आभार याच पत्रात पोचावेत.

अकरापैकी सात कंस आता भरले आहेत, चार रिकामे आहेत. भरलेल्यांसमोर कोणत्या ओळीवरून भरले ते लिहिले आहे, तेही पेन्सिलीने. पान ३ वरचे तुमचे प्रश्नचिन्ह खोडलेले नाही. त्याच्याशेजारी फक्त 'द. खु., पावती पाहा' एवढे घातले आहे.

प्रकृतीस जपावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.