आधी विहिरीवर नेणाऱ्या आप्पांना

ती. स्व. आप्पा,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. बेळगाव ते खानापूर या पट्ट्यातलं कुठलंही शिवार समजा. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं तुमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरणाऱ्या त्या दोन पोरांसारख्या मुलांची ओळख उघड करायला मनाई केली आहे, आणि आपल्याकडं विहीर कुणाची एवढं कळलं की पोर कुणाचं हे कळायला वेळ लागत नाही. तरी आभार चारचौघांतच मानायचे होते. "आप्पांनी पोरांना सोडून दिलं" असं गावभर झालं, ते खरं नव्हतं. तुम्ही सोडलं नव्हतं.

मी पहिल्यांदा तुमच्या दारात आले तेव्हा हातात फाईल होती आणि डोक्यात मुदती. मूल बाल न्याय मंडळापुढं पहिल्यांदा हजर झालं की 4 महिन्यांत चौकशी संपवायची, त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्यानं 15 दिवसांत घरादाराचा अहवाल द्यायचा. ओट्यावर टेकले आणि लगेच पोरांचंच सांगायला लागले. एकाचा बाप गवंडीकामाला गोव्यात, दुसऱ्यानं शाळा सोडलेली, दोघंही सोळाच्या आत-बाहेर. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, आदी विहिरीवर चल की. मग पोरांचं सांग."

भर उन्हात चालत गेलो. मोटारीची केबल जिथं कापली होती ती जागा तुम्ही दाखवलीत. बांधावर केबल जाळून तांबं काढल्याचा काळा डाग होता. शेजारी कोबी, गड्डा धरायच्या वेळी नऊ दिवस पाण्याविना राहिलेला. मी तुम्हाला धीर द्यायला म्हणून सांगितलं की जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असलेला गुन्हा कायद्यात 'किरकोळ' धरतात, त्यामुळं प्रकरण लांबणार नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत, "किरकोळ कुणाला?"

आप्पा, त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मुलांचं भलं व्हावं या तळमळीत मी तुमच्याकडं फक्त सही मागायला आले होते, हे तिथं बांधावर उभं राहिल्यावर कळलं.

मग तुम्ही त्या पोरांशी समोरासमोर बसायला तयार झालात. कॅनडातल्या एल्मायरा गावाची गोष्ट मी तुम्हाला तेव्हाच सांगितली. 1974 साली दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली, आणि शिक्षेआधी त्यांना दारोदार नेऊन ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासमोर उभं केलं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे आमच्या देवळातल्या पंचांच्यागत." मी तेव्हा मान डोलावली, पण ते पुरतं पटलं नव्हतं. पंच निवाडा देतात, दंड ठोकतात, आणि ज्याचं घर मोठं त्याचा आवाज मोठा. बायका खांबाच्या मागं. म्हणून मी बैठक देवळात न घेता शाळेच्या खोलीत घेतली, गोलात बसवलं, आणि एका पोराची आई सगळ्यांत आधी बोलली. तुम्ही ते मान्य केलंत. गावकीत तुमचा शब्द चालतो, तरी तुम्ही तो वापरला नाहीत.

त्यातल्या एका पोराच्या घरी कन्नड बोलतात. मंडळाचा कागद कन्नडमध्ये, दुसऱ्या पोराच्या आईला तो वाचता येत नव्हता. तुम्ही चष्मा लावून तिला ओळ न् ओळ मराठीत सांगितलीत, आणि त्या कन्नड पोराला आल्या आल्या विचारलंत, "ऊटा आतेनु?" जेवलास का, एवढंच. तोवर ते पोर भिंतीकडं तोंड करून बसलं होतं. चोरीबद्दल तो पहिलं वाक्य बोलला ते त्यानंतर.

मंडळानं वाचनालयात समाजसेवा आणि समुपदेशन सांगितलं होतं. पालकांनी केबलचे पैसे हप्त्यानं द्यायचं कबूल केलं. तुम्ही वेगळंच मागितलंत. रात्री दोनला थ्री-फेज येतं, तेव्हा एक रात्र माझ्यासोबत पाणी पाजायला उभं राहा. मी आधी नकोच म्हणाले. रात्र, साप, विजेची तार, जबाबदारी माझ्यावर. शेवटी दोन्ही घरची माणसं सोबत येणार आणि स्टार्टरला पोरं हात लावणार नाहीत, असं ठरवून गेलो. मोटार सुरू झाली, पाटात पाणी आलं. तुम्ही पोरांना एक शब्द शिकवण दिली नाहीत. बॅटरी धरायला लावलीत आणि कोबीच्या सरी मोजायला सांगितल्यात, किती जगल्या, किती गेल्या. मोजणी चुकली म्हणून धाकट्यानं स्वतःहून पुन्हा सुरुवात केली. ती रात्र मी विसरणार नाही.

सगळं जमलं असं मी इथं लिहिणार नाही. एक पोर दोनदा वाचनालयात आला आणि मग बापामागं गोव्याला गेला. त्याचे हप्तेही थांबले. त्याबद्दल तुम्ही मला कधी टोचून बोलला नाहीत, पण मला ते लागून आहे. दुसऱ्याबद्दल मात्र तुम्हीच विचारलंत, "ह्येचं नाव पोलिसात ऱ्हाईल का? नोकरीच्या आड यील का?" न्हाई, आप्पा. अशा मुलाला पुढं त्या प्रकरणामुळं अपात्र ठरवता येत नाही, आणि नोंदीही ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. केबल ज्याची गेली त्यानं हे विचारावं, याचं मला तेव्हा रडू आलं होतं. तुमच्यासमोर आवरलं, इथं सांगते.

परवा वडगावात एका विणकर बाईंकडं गेले होते. त्यांच्या मागाची मोटार चोरीला गेली आहे. त्या म्हणाल्या, त्या पोराचं तोंड बघायचं नाही मला. तो त्यांचा हक्क आहे, मी तसं सांगितलं. फाईल पिशवीतच ठेवली आणि आधी त्यांचा बंद पडलेला माग बघून आले.

आक्कांना नमस्कार सांगा.

तुमची,
फाईल घेऊन आलेली पोरगी