बाणाग्रे जरूर घडवा, पण पांढरीवरचा दगड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून दगडाची बाणाग्रे घडवायला शिकणारी कॉलेजची मुले आता आमच्या घोड नदीच्या खोऱ्यातही दिसू लागली आहेत. मला त्याचा आनंदच आहे, कारण गेली तीन वर्षे मी स्वतः हे काम शिकतो आहे. मात्र मागच्या महिन्यात एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या, टेकाडावर दोन तरुण तिथेच वेचलेल्या कॅल्सेडनीच्या (गारेच्या जातीच्या दगडाच्या) गाभ्यावर, म्हणजे ज्यातून पाती काढतात त्या मूळ तुकड्यावर, नदीतला गोटा आपटून सराव करताना दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या हातात काय आहे हे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे वसलेल्या शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. त्यांना तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मीळ असल्यामुळे रोजची कापाकापी कॅल्सेडनीच्या पात्यांनीच चाले. गाभ्याच्या एका कडेला दोन्ही बाजूंनी लहान छिलके काढून नागमोडी कणा तयार करायचा, त्या कण्यासकट पहिले पाते उडवायचे आणि मग त्याच्या मागोमाग एकसारखी समांतर पाती काढत जायची, अशी त्यांची रीत होती. अभ्यासकांना ही रीत कळली ती सुंदर पात्यांवरून तितकीच टाकलेल्या गाभ्यांवरून, फसलेल्या छिलक्यांवरून आणि मधेच मोडलेल्या तुकड्यांवरून. म्हणजे ज्याला आपण सरावाचा दगड समजतो, तो कुणाच्या तरी हातचे अर्धवट राहिलेले काम असतो. त्यावर आजचा एक घाव बसला की त्या कारागिराने कोणत्या क्रमाने काय केले हे वाचण्याची सोय कायमची जाते. पुरावस्तूंविषयीचा १९७२चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण देतो, हेही पालकांनी मुलांना सांगून ठेवावे.

मग शिकायचे कशावर? बाटलीच्या जाड बुडावर. काचेला कमी लेखण्याचे कारण नाही. ‘याही’ नावाच्या अमेरिकी आदिवासी जमातीचा अखेरचा माणूस म्हणून ओळखला जाणारा इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याने बाणाग्रे घडवून दाखवली. ज्वालामुखीच्या काचेइतक्याच सहजतेने तो बाटलीची काचही वापरत असे. काचेला ना रेषा ना कण, त्यामुळे तडा आपण देऊ त्या दिशेने शिंपल्यासारखा वळत जातो आणि चूक कुठे झाली ते नवशिक्याला लगेच दिसते. दख्खनच्या बेसाल्टमधून निघणारी कॅल्सेडनी काचेपेक्षा चिवट असते आणि तिचे गोळेही बहुधा लहान असतात. पहिल्याच वर्षी तिच्या नादी लागू नये.

परदेशी चित्रफितींत दाब देऊन छिलके काढण्यासाठी हरणाचे शिंग वापरतात, तेही आपल्याकडे चालणार नाही. सांबराचे किंवा चितळाचे शिंग बाळगल्यास वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कारवाई होऊ शकते. अर्थिंगची जाड तांब्याची तार लाकडी मुठीत घट्ट बसवली की काम भागते. माझे पहिले दोन महिने वाया गेले ते एका साध्या गोष्टीपायी: कड न घासताच मी दाब देत होतो. धारदार कड दाब पेलत नाही, तिचा चुरा होतो. खडबडीत दगडाने ती थोडी बोथट करून घ्यावी, तुकडा तळहातावर जाड चामड्यात धरावा, तारेचे टोक काचेच्या मध्यरेषेच्या किंचित खाली टेकवावे, आधी आत रेटावे आणि मगच खाली ढकलावे. बरोबर जमले तर हलकी टक् होते आणि माशाच्या खवल्यासारखा पातळ छिलका चामड्यावर पडतो. आत रेटण्याआधीच खाली ढकलले तर छिलका आखूड तुटतो, तिथे पायरी राहते आणि पुढचा प्रत्येक छिलका त्या पायरीला अडतो.

डोळ्यांना चष्मा हवाच आणि काम मोकळ्या हवेत करावे. पुढे दगडाकडे वळणाऱ्यांनी तर तोंडाला मास्क लावल्याशिवाय बसूच नये, कारण गुजरातेतील खंभातच्या, अकीक दगड घडवणाऱ्या कामगारांची फुप्फुसे याच गारेच्या धुळीने सिलिकोसिस होऊन निकामी झाली आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. चित्रफितींतले खाचा पाडलेले, दोन्ही बाजूंनी घडवलेले मोठे बाणाग्र हे बहुतेक वेळा अमेरिकेतील नमुन्यांवरून केलेले असते. आपल्याकडच्या मध्याश्मयुगीन माणसाची हत्यारे निराळी. नखाएवढ्या चंद्रकोरी, त्रिकोण आणि समलंब चौकोन अशी ही सूक्ष्मास्त्रे लाकडात किंवा हाडात खोचून वापरली जात. उद्या कोणी हौसेने अमेरिकी घाटाचे कॅल्सेडनीचे बाणाग्र घोड नदीच्या काठावर टाकून आले, तर पन्नास वर्षांनी तिथे सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याला ते चकवेल, आणि नुसते छिलके तर त्याहून अधिक चकवतील, कारण त्यांच्या आकारावरून काहीच ओळखू येत नाही. एका बाणाग्रामागे माझ्या चादरीवर शंभराहून जास्त छिलके आणि कपच्या पडतात. जिल्ह्यांतल्या वस्तुसंग्रहालयांनी वर्षातून एखादी सकाळ काढून मुलांना काचेवर हे काम शिकवावे आणि त्याच बैठकीत कचरा कसा आवरायचा हेही दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

मी अंगणात चादर अंथरूनच बसतो. उठताना ती चारी कोपऱ्यांनी उचलून सगळा चुरा पत्र्याच्या डब्यात ओततो. डबा भरला की झाकण घट्ट लावून परसात पुरतो आणि झाकण लावण्याआधी आत चालू वर्षाचे एक नाणे टाकतो.

आपला नम्र,
एक वाचक, ता. शिरूर, जि. पुणे