कडेवरचा दाब समजावून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

दोन कडक प्लेटमध्ये दाबली जाणारी पातळ नळी, संगणकावर शेल एलिमेंटची, म्हणजे भिंत नुसता पृष्ठभाग आणि जाडी नुसता आकडा धरणाऱ्या छोट्या तुकड्यांची. ते मॉडेल तुम्हाला आठवत असेलच, कारण त्यापायी आम्ही तुमची अख्खी दुपार खाल्ली. नळी चपटी होऊन प्लेटला टेकली की टेकलेल्या पट्ट्याच्या मधे दाब जवळजवळ शून्य, आणि दोन्ही कडांना आकडे आभाळाला भिडलेले. एलिमेंट निम्म्या मापाचं घेतलं की शिखर दुप्पट. सॉल्व्हरलाच, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमलाच, दोष द्यायचा, असं गटात ठरल्यात जमा होतं.

तुम्ही सॉल्व्हर उघडलाच नाहीत, कागद ओढलात. टेकलेला भाग सपाट झालाय ना? मग त्याची वक्रता सगळीकडे सारखीच बदलली, म्हणजे मोमेंट (वाकवणारा जोर) सगळीकडे तोच. मोमेंट बदलत नाही तर शिअर (भिंतीला आडवा कातरणारा जोर) नाही, आणि शिअर नाही तर दाब येणार कुठून? सगळं बळ कडेच्या रेषेवर जातं. शिअरने पातळ भिंतीचा आकार बदलत नाही, या किरशॉफच्या गृहीतकातच ते आहे. रेषेवरचं बळ एका एलिमेंटच्या रुंदीने भागायचं, म्हणून शिखर दुप्पट. मग रिॲक्शनची, म्हणजे प्लेटवर येणाऱ्या बळांची, बेरीज करायला लावलीत. प्रत्येक मेशला (एलिमेंटच्या जाळीला), बारीक असो वा मोठी, जवळपास तीच आली!

आमचं एलिमेंट तर शिअरने होणारा बदलही धरणारं, मिंडलिन पद्धतीचं, अशी शंका मी काढली. त्यात बळ साधारण जाडीएवढ्या लांबीत पसरतं, पण ते दिसायला एलिमेंट जाडीहून बारीक हवं, आणि तिथे मुळात शेलवरच विसंबता येत नाही, हे तुमचं उत्तर. कडेचा खरा दाब हवाच असेल तर तेवढा भाग सॉलिड (जाडीसकट भरीव) एलिमेंटने सोडवा, म्हणालात.

पेनल्टीबद्दलही, म्हणजे नळी प्लेटमध्ये घुसू नये म्हणून मॉडेलमध्ये धरलेल्या काल्पनिक स्प्रिंगच्या कडकपणाबद्दलही, जाता जाता सांगितलंत. जाडी निम्मी केली की ताणातला स्टिफनेस (ताठपणा) निम्मा होतो, वाकण्यातला मात्र एक अष्टमांशच उरतो. त्यामुळे जाड ठोकळ्याला चालणारी पेनल्टी इथे भलतीच कडक पडते आणि कॉन्टॅक्ट (प्लेटशी स्पर्श) दर इटरेशनला, म्हणजे गणिताच्या दर फेरीला, लागतो-सुटतो. ती उतरवून नोड (एलिमेंट जोडणारा बिंदू) प्लेटमध्ये किती घुसतोय ते जाडीच्या तुलनेत पाहिलं, आणि रन सुरळीत पार पडला.

आता अहवालात आम्ही कडेचा दाब देत नाही, बळ देतो. कुणी विचारलंच तर तुमचा कागद पुढे करतो.

मनापासून आभार. पुढे हीच नळी घर्षण धरून सोडवायची आहे. तेव्हा पुन्हा त्रास द्यायला येणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आपला,
विश्लेषण गटातला एक