राखण

बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, शाळेत ड्रॉइंग शिकवायची चांगली नोकरी असताना हे पोरांच्या पुस्तकांचं कुठून काढलंस? आई मागून म्हणाली, करू दे की तिला. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

बीट्रिक्स पॉटर नावाची एक इंग्रज बाई होती, पोरांसाठी चित्रांची पुस्तकं करणारी. जन्म १८६६ चा, लंडनच्या श्रीमंत घरातला. शाळेत कधी गेली नाही, शिकवायला घरीच बाई येत. तिने आणि धाकट्या भावाने अभ्यासाच्या खोलीत ससे, उंदीर, वटवाघळं असं काय काय पाळलेलं. ती त्यांच्याकडे बघत बसायची आणि काढायची. म्हणूनच तिच्या पुस्तकातल्या सशाच्या अंगात निळा कोट असला, तरी आतला ससा खराच असतो. पळताना मागचे पाय कसे पडतात, घाबरल्यावर कान कसे होतात, सगळं जिथल्या तिथे. मी वर्गात मुलांना तेच सांगते, आधी बघा, मग काढा.

१८९३ मध्ये तिला पूर्वी शिकवणाऱ्या बाईंचा लहान मुलगा आजारी होता. त्याला तिने पत्र पाठवलं, त्यात चित्रं काढून एका उनाड सशाची गोष्ट लिहिली. पुढे त्याचंच पुस्तक करायचं ठरवलं, तर प्रकाशक नको म्हणाले. १९०१ मध्ये तिने स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. पुढच्या वर्षी एका प्रकाशकाने ते रंगीत काढलं, तेव्हा ती छत्तिशीत होती. पुस्तक लहानच हवं, पोरांच्या हातात मावलं पाहिजे, हा तिचा हट्ट.

त्याच प्रकाशकाच्या घरातल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. धंदेवाल्यांचं घर म्हणून आई-वडिलांना पसंत नव्हतं. तरी ती ठाम राहिली, पण महिन्याभरातच तो आजाराने गेला. त्याच वर्षी, १९०५ मध्ये, तिने उत्तरेकडच्या डोंगराळ भागात शेत विकत घेतलं. पुस्तकांच्या कमाईतून पुढे आणखी शेतं घेतली, तिथल्या जातीची मेंढरं पाळली, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली. १९४३ मध्ये वारली, तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन एका संस्थेला देऊन गेली, जमीन आणि मेंढरं राखण्यासाठी.

बाबा, हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे ती सशाची गोष्ट. ससा शेतकऱ्याच्या मळ्यात शिरून भाजी खातो, शेतकरी दंताळं घेऊन मागे लागतो. सगळी गोष्ट सशाच्या बाजूने. आणि ती लिहिणारी बाई पुढे स्वतः शेतकरी झाली! मला हे फार मोठं वाटतं.

माझं पुस्तक गव्याचं आहे. वर्गात गवा काढायला सांगितला, तर सगळ्यांनी म्हैस काढली. कणकुंबी-जांबोटीचं रान इतकं जवळ, पण पायात पांढरे मोजे घातल्यासारखा तो प्राणी पोरांना माहीतच नाही. गव्याची चित्रं मला जमतील. पण त्या गोष्टीत भात कुणाचं तरी आहे, आणि ते तुमचं आहे. लहानपणी एकदा सकाळी तुमच्यामागून बांधावर आले होते. लोंब्या धरलेलं भात आडवं पडलेलं, चिखलात खुरांचे खोल ठसे, त्यांत पाणी साचलेलं. तुम्ही काही न बोलता वाकून एकेक चूड हाताने उभा करत होतात. ते चित्र पुस्तकात आलंच पाहिजे. गव्याची भूक दाखवायची आणि तुमची मेहनत गाळायची, असलं पुस्तक मी करणार नाही.

आई, नोकरी सोडत नाही, काळजी करू नकोस. दसऱ्याच्या सुट्टीत येते. बाबा, रात्री शेतातल्या माळ्यावर तुमच्याबरोबर राखणीला बसायचं आहे. डबा वाजवताना तुम्ही गव्याला काय ओरडता, ते जसंच्या तसं लिहून घेणार आहे. बॅटरीचे सेल मी आणते, मागच्या वेळचे उतरले होते.

बाबांच्या साखरेचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव, आई. त्यावर कुंदा किती आणायचा ते ठरवते.

तुमची लेक