जळक्या तेलावरची जीप : बॉनेट उघडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत वडापावच्या जळक्या तेलावर जीप चालवणाऱ्या तरुणाबद्दल लेख आला. फोटो झकास होता. हातात कॅन, टाकीत नरसाळं, नरसाळ्यात धोतराचं फडकं आणि मागे कमरेवर हात ठेवून बघणारी गल्लीतली पोरं. मी कराडात 38 वर्षं डिझेल इंजिनाचे पंप आणि नोजल, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोट्या, दुरुस्त केले. आता हात थरथरतो म्हणून दुकान मुलाकडे दिलंय, तरी रोज जाऊन बसतो. लेख आल्यापासून तीन जण येऊन विचारून गेले, "काका, आमच्या गाडीत घातलं तर चालंल का?" त्यातला एक तर दोन वर्षांपूर्वी घेतलेली बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांत बसणारी, गाडी दारात उभी करून विचारत होता. म्हणून हे पत्र.

चालतं का? चालतं. तो मुलगा खोटं बोलत नाही. पण कुठल्या इंजिनात, किती दिवस आणि कुठल्या महिन्यात, हे तीन प्रश्न लेखात कुणी त्याला विचारलेले दिसले नाहीत.

आधी एक दुरुस्ती. रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवलं होतं, असं लेखात आहे. तसं नाही. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींत तिथल्याच भुईमुगावर इंजिनं चालतील का, हे बघायचं होतं. खुद्द डिझेलसाहेबांनीच 1912 मध्ये हे सांगितलंय. शिवाय त्या काळच्या इंजिनात इंधन दाबाखालच्या हवेच्या झोताने आत फवारायचे. आजच्या नोजलची भोकं केसाएवढी असतात. गोम तिथेच आहे.

खाद्यतेल डिझेलपेक्षा आठ-दहा पट दाट. नोजलमधून डिझेल धुक्यासारखं उडायला हवं, तेल मात्र पिचकारीसारखं धार धरतं. धार पूर्ण जळत नाही. नोजलच्या टोकावर काजळीचं फूल धरतं, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली चेंबरमधल्या इंजिन ऑइलमध्ये उतरतं. यातलं काहीही पहिल्या दिवशी दिसत नाही. पहिल्या दिवशी फक्त भज्यांचा वास येतो आणि फोटो निघतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 2008 च्या सुमाराची गोष्ट. लोडशेडिंग असं की विहिरीवरची मोटर दिवसा चालवायची म्हणजे नशीब. कृष्णाकाठच्या माझ्या एका मित्राने माळ्यावरचं जुनं एका सिलिंडरचं पाणी उपसायचं इंजिन खाली काढलं. डिझेल परवडेना. बांधावर करंजाची पाच-सहा मोठी झाडं होती आणि त्यांच्या शेंगा पायाखाली कुजायच्या. करंजाचं तेल आपल्याकडे जनावरांच्या खरजेला लावतात, पूर्वी दिव्यात जाळायचे. घाण्यावर नेलं तर साधारण चार किलो बियांना लिटरभर तेल पडायचं. आम्ही इंजिनाला दोन टाक्या जोडल्या. एक छोटी डिझेलची, एक मोठी करंजाची. तेलाची नळी तांब्याची घेतली आणि सायलेन्सरला चार वेढे देऊन पुढे नेली, म्हणजे पंपात पोचेपर्यंत तेल चांगलं कढत आणि पातळ व्हायचं. चालू करायचं डिझेलवर, गरम झालं की कॉक फिरवून करंजावर आणि बंद करायच्या आधी दहा मिनिटं पुन्हा डिझेलवर, म्हणजे पंपात आणि नोजलमध्ये तेल गोठून राहत नाही. या शेवटच्या दहा मिनिटांना आम्ही 'चूळ भरणं' म्हणायचो. चूळ विसरली की दुसऱ्या दिवशी हँडल मारून खांदे निघायचे.

ते इंजिन दोन हंगाम व्यवस्थित चाललं. नोजल मात्र डिझेलवर असताना लागायचं त्याच्या निम्म्याहून कमी दिवसांत साफ करावं लागे. मिस्त्री मित्र असल्यामुळे ते परवडलं. संथ फिरणारं, जाड नोजलचं, एका जागी रोवलेलं इंजिन आणि शेजारी माणूस, एवढं जमत असेल तर तेल खुशाल घाला.

त्याच काळात बियांच्या तेलापासून डिझेल मिळेल म्हणून मोगली एरंडाचं (जट्रोफाचं) वेड आलं होतं. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या लागवडीची मोठी योजना सुचवली. छत्तीसगडमध्ये तर 'डीज़ल नहीं अब खाड़ी से, डीज़ल मिलेगा बाड़ी से' अशी घोषणाच होती. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत डिझेलमध्ये असं 20 टक्के इंधन मिसळायचं स्वप्न होतं. पुढे 2018 च्या धोरणाने बायोडिझेलसाठी ते 2030 पर्यंत 5 टक्क्यांवर आणलं. आमच्याकडेही लोकांनी पैसे मोजून बांधाला रोपं लावली. पडीक रानात पाण्यावाचून ते झाड जगतं, हे खरंच. पण जगणं वेगळं आणि बिया देणं वेगळं. रोपं विकणारे सुटले, बांधावर कुंपण राहिलं, आणि त्या बिया खाऊन पोरं दवाखान्यात गेल्याची बातमी अधूनमधून आपल्याच पेपरात येते.

करंजावर चाललेल्या त्या इंजिनाने माझ्या डोक्यात हवा गेली आणि मी माझ्या जुन्या जीपच्या मागे लागलो. तिचं इंजिन जुन्या पद्धतीचं, आधी वेगळ्या छोट्या कोठडीत जाळ होणारं. अशा इंजिनाला दाट तेल त्यातल्या त्यात पचतं. एका फरसाणवाल्याकडून तळून काळं झालेलं पामतेल आणायचं, चार दिवस बसू द्यायचं, वरचं निवळ फडक्यातून गाळून निम्मं डिझेल घालायचं. मार्च ते ऑक्टोबर गाडी पळाली. मी भेटेल त्याला सांगत सुटलो. डिसेंबरात एका सकाळी पाहुण्यांना स्टँडवर सोडायला निघालो, तर गाडी कोल्हापूर नाक्यापर्यंत गेली आणि गप्प. फिल्टर खोलला, आत वनस्पती तुपासारखा पांढरा लगदा. पामतेल थंडीत थिजतं हे घरातल्या बायकांना ठाऊक असतं. मिस्त्रीला ते फिल्टर खोलल्यावर कळलं.

पामतेल थिजतं म्हणून मी सोयाबीनच्या तेलावर आलो. ती दुसरी चूक. सोयाबीनचं, करडईचं, जवसाचं तेल थंडीत पातळ राहतं, पण हवा आणि उष्णता मिळाली की ते आळून येतं. जवसाचं तेल रंगात घालतात ते त्याच गुणामुळे. चेंबरमध्ये उतरलेल्या तेलाने तेच केलं. ऑइल बदलायला नट काढला तर धार पडेना. बोट घातलं, तर चिक्कीच्या पाकासारखी तार धरून बाहेर आलं. नशिबाने बेअरिंग जाग्यावर होती. हेड उतरवलं, रिंगा बदलल्या. तेलात वाचवलेले सगळे पैसे एका दुपारी गेले, वर घरच्यांची बोलणी.

लेखात 'घरच्या घरी बायोडिझेल' अशी चौकटही आहे. त्या चौकटीची मला जास्त काळजी वाटते. तेल जसंच्या तसं घालण्यापेक्षा त्याचं बायोडिझेल करून घालणं इंजिनाला केव्हाही बरं, कारण ते जवळजवळ डिझेलइतकंच पातळ होतं. मी केलंय. पण रसायनशास्त्र शिकवणारे एक सर शेजारी उभे होते म्हणून केलंय. तळलेल्या तेलात पाणी असतं, भज्यांनी सोडलेलं. ते आधी तापवून घालवावं लागतं. कढईत तडतड थांबेपर्यंत थांबायचं, नाहीतर पुढे डिझेलऐवजी साबण होतो. मग त्या तेलात आंबटपणा किती, ते मोजायचं. सरांनी त्यासाठी हळदीचं पाणी वापरलं. कॉस्टिक सोड्याचं मोजलेलं पाणी थेंब थेंब टाकत जायचं, पिवळ्याचं कुंकवासारखं लाल झालं की थांबायचं आणि थेंबांवरून कॉस्टिक किती घालायचं ते ठरवायचं. दर घाण्याचं तेल वेगळं, म्हणून हिशोबही दर वेळी वेगळा. 'लिटरला एवढे ग्रॅम' असा एकच आकडा चौकटीत छापून भागत नाही.

पुढे तेलाच्या पाचव्या हिश्श्याएवढं मिथेनॉल लागतं, आणि या मिथेनॉलबद्दल चौकटीत 'अल्कोहोल' एवढा एकच शब्द आहे. संपादक महोदय, 2015 साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली ती या मिथेनॉलने. पोटात गेलं तर आधी डोळे जातात. वाफ छातीत जाते, कॉस्टिकबरोबर कातडीतून भिनतं. 65 अंशांच्या आतच उकळायला लागतं, आणि पेटलं तर दिवसाउजेडी त्याची ज्योत नीट दिसतही नाही. आपली चौकट म्हणते, 'गॅसवर मंद आचेवर ठेवून ढवळा.' त्यासमोर मी हात जोडतो. ही एक ओळ तरी दुरुस्त करून छापा.

एवढं करून तयार झालेला माल तीनदा पाण्याने धुवायचा असतो. ते साबणाचं पाणी मी परसात अळूच्या वाफ्यात ओतलं. वाफा आठ दिवसांत पिवळा पडला. खाली बसलेल्या ग्लिसरीनच्या कॅनचं काय करायचं, हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. बायोडिझेल जुने रबरी पाइप मऊ करतं आणि टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरला आणून देतं. म्हणजे पहिले एक-दोन फिल्टर गेलेच म्हणून समजा.

आता बीएस-6 वाल्यांसाठी. तुमच्या गाडीत इंधनाचा दाब 1600 ते 2000 बार असतो. पंपातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. धोतराच्या फडक्यातून गाळलेलं तेल तिथे चालत नाही आणि घरचं बायोडिझेलही घालू नका. सायलेन्सरमधल्या काजळी अडवणाऱ्या जाळीतली काजळी जाळून साफ करायला इंजिन मध्येच जास्तीचं इंधन सोडतं. त्यातलं बायोडिझेल डिझेलसारखं उडून जात नाही, चेंबरच्या ऑइलमध्ये साठत राहतं. त्या गाडीवाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "पण पेपरात आलंय." यावर मी काय बोलणार.

हायवेवर 'बायोडिझेल' अशी पाटी लावून स्वस्त विकणाऱ्यांचाही लेखात कौतुकाने उल्लेख आहे. 2019 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बायोडिझेल विकायचं ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, आणि तेही आयएस 15607 या मानकात बसणारं. त्या पाटीखाली नाव बायोडिझेलचं आणि माल सॉल्व्हंटचा, असंही चालतं. आमच्या टेबलावर असे पंप येतात तेव्हा प्लंजरवर, म्हणजे पंपातल्या दट्ट्यावर, ओरखडे असतात आणि ड्रायव्हर खाली बघत असतो.

मग जळक्या तेलाचं करायचं काय? हे तेल गटारात जातं किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वस्तात खाण्याच्या लहान हातगाड्यांवर पुन्हा तळायला जातं. 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांना, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून त्यात वाढणाऱ्या खराब घटकांना, 25 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची 'रुको' नावाची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी आणली. पुढच्या वर्षी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत असं बायोडिझेल पहिल्या वर्षी 51 रुपये लिटरने घ्यायचं जाहीर केलं. कारखान्यात ते तेल तपासून, मोजून, धुऊन डिझेलमध्ये थोडंथोडं मिसळलं जातं, तेव्हा नव्या गाडीलाही ते बाधत नाही. तालुक्याच्या गावात तेल गोळा करणारी गाडी कधी येते, कुठे थांबते, लिटरला काय देते, याची माहिती आपण आठवड्यातून एकदा छापलीत तर फरसाणवाल्यांचं काम होईल. मी चार दुकानदारांना विचारलं, चौघांनाही माहीत नव्हतं.

त्या तरुणाला माझा निरोप द्या. त्याची खटपट मला आवडली, मीही त्याच वाटेने गेलोय. पुढच्या वेळी त्याचा फोटो काढाल तेव्हा बॉनेट उघडं ठेवून काढा. आणि त्याला म्हणावं, जीप घेऊन ये, चारही नोजल टेस्टरवर लावून बघू, धुकं पडतंय की धार. पैसे घेणार नाही. फक्त दिवाळीनंतर फार दिवस लावू नकोस म्हणावं. फोटोतलं तेल पामचं दिसतंय.

आपला,
एक निवृत्त डिझेल मिस्त्री,
कराड