काठ्या आल्या, घाबरू नकोस

सावईवेरे, २ मे

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

तू मागवलेल्या फळझुडपांच्या काठ्यांचा फोटो मिळाला. तिकडे कॅनडात, सॅस्कटूनला पोस्टाने पत्र टाकलं तर पोचेपर्यंत तुझ्या काठ्यांचं सरपण होईल, म्हणून मोबाईलवरच लिहितोय.

फोटो आईने आधी बघितला. म्हणाली, "पोरीला फसवलं. सरपण विकलं तिला." सहा काठ्या, रबराने बांधलेल्या, बुडाला म्हाताऱ्याच्या दाढीसारखी मुळं आणि मातीचा कण नाही. क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग सोबतचा कागद चष्मा लावून तीनदा वाचला. आपण आंब्याचं कलम पिशवीतल्या मातीसकट आणतो, म्हणून हे विचित्र दिसतं. पण बेअररूट, म्हणजे मातीशिवाय उघड्या मुळांनी पाठवलेलं रोप, म्हणजे आपला भाताच्या रोपांचा तरवाच की! उपटायचा, मुळं धुवायची, मुठी बांधायच्या, दुसऱ्या शेतात लावायचा. फरक इतकाच की तरवा जागा असतो आणि तुझी झुडपं झोपलेली आहेत. पानगळ झाल्यावर उपटून हिवाळाभर थंडीत ठेवतात, जाग यायच्या आत पाठवतात.

तरव्याची एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मी वीस वर्षांचा असेन. आमचा तरवा कुजला, म्हणून आजोबांनी मला म्हार्दोळला आत्याकडे पाठवलं. सायकलच्या कॅरियरला मुठी बांधल्या आणि येताना वाटेत चहाला थांबलो. पावसाची उघडीप होती, गप्पा रंगल्या, दोन तास गेले. पांढरी मुळं सुतळीसारखी खरखरीत झाली होती. लावणी केली, पण पानांच्या पुंगळ्या झाल्या आणि निम्मा तरवा उभाच राहिला नाही. आजोबा चकार शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र स्वतः आले आणि मुठींवर ओलं गोणपाट बांधून मगच मला सायकलवर बसू दिलं.

तेव्हा मुळं उघडी ठेवू नकोस. वरची काठी कोरडी दिसू दे, काही बिघडत नाही. लावायच्या आधी दोन-तीन तास बादलीत बुडव. दिवसभर मात्र नको, मुळांनाही श्वास लागतो. जमीन अजून कडक असेल तर ओल्या कागदात गुंडाळून थंड जागी ठेव. फ्रीजमध्ये ठेवशील तर सफरचंदं बाहेर काढ. पिकत्या सफरचंदातून जो वायू सुटतो, त्याने कळ्या मरतात.

खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळं पसरली पाहिजेत, गोल वळवून कोंबायची नाहीत. खड्ड्यात खत घालू नकोस. माती दाबून पाणी घाल, आणि आपण माडाला करतो तसं आळं कर. वर पातेरा, पण खोडाला न चिकटवता.

चार काठ्या हॅस्कॅपच्या, म्हणजे त्या थंडीतल्या निळ्या फळांच्या झुडपाच्या आहेत, त्या दोन जातींच्या आहेत ना, ते पाहून घे. एकाच जातीच्या असतील तर फुलतील आणि फळ धरणार नाहीत. 'बोरियालिस' असेल तर जोडीला 'ऑरोरा' चालते. दोन्ही जाती तुझ्याच सॅस्कटूनच्या विद्यापीठाने काढल्या आहेत. त्याचं फूल उणे ७ अंशांतही तगतं, हे वाचून मी थक्क झालो. आमच्याकडे पौषातल्या पहाटे १९ अंश झाले की आई कानाला फडकं बांधते! बरं, तुझ्या गावाचं नावही एका झुडपाच्या फळावरून पडलेलं आहे, क्री भाषेतल्या शब्दावरून. आपल्याकडे फणसवाडी, चिंचवाडा म्हणतात तसंच. ते फळ परसात लावायचं तू विसरलीस. पुढच्या वर्षी लाव.

उरलेल्या दोन ब्लॅककरंट, त्या काळ्या आंबट फळांच्या. त्या नर्सरीत होत्या त्यापेक्षा दोन-तीन बोटं खोल लाव आणि जमिनीवर दोनच डोळे, म्हणजे फुटव्याच्या कळ्या, ठेवून बाकी काठी छाटून टाक. हात धजावणार नाही, ठाऊक आहे. तरी छाट, बुडातून नवे फुटवे येतात, त्यांच्यावरच पुढे फळं लागतात. हॅस्कॅपला मात्र कात्री लावू नकोस.

मी आईला म्हटलं, एक ब्लॅककरंट इथे विहिरीजवळ लावून बघू या का? ती हसली. त्याला डोळे फोडायला ७ अंशांखालची थंडी हजाराच्या वर तास लागते. सावईवेऱ्यात एक तासही मिळायचा नाही. आपली करवंदं बघ, कातळावर उन्हात भाजतात आणि आत्ता काळीभोर झाली आहेत. काल शेजारची पोरं जांभळ्या ओठांनी घरी आली. तू असतीस तर पाटीभर तोडून आणली असतीस.

कागदावर लिहिलं आहे की हॅस्कॅपचं भरपूर पीक यायला काही वर्षं जातात आणि मग झुडूप कितीतरी वर्षं फळतं. तेवढी ओळ मी आईला वाचून दाखवली नाही.

आता एक काम कर. प्रत्येक काठीची साल अंगठ्याच्या नखाने हलकी खरवड. आत हिरवं दिसलं तर जिवंत. तपकिरी दिसलं तर चार बोटं खाली पुन्हा खरवड. शेंडा गेला तरी बूड जिवंत असू शकतं. सहाही बघ आणि तुझ्या सकाळी नऊला फोन लाव, इथे साडेआठ वाजलेले असतात, आमची जेवणं आटपलेली असतात. जावईबापूंना पाण्याची बादली उचलायला सांग.

तुझा,
पप्पा