खुले पत्र : ‘रामबाण’ तेलाच्या बाटलीत काय आहे?

प्रति,
माननीय अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

माननीय महोदय,

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात माझ्या आईने गुडघ्यांसाठी तेलाची एक बाटली घेतली. काचेवर जुने लेबल खरवडल्याच्या खुणा होत्या. घटकद्रव्ये नाहीत, तारीख नाही, केवळ ‘सांध्यांवर रामबाण’ अशी चिठ्ठी चिकटवलेली. चोळल्यावर गुडघा मिरची लागल्यासारखा भगभगू लागला. ‘भगभगले की गुण येतोय असे समजा,’ हे विक्रेत्याने आधीच सांगून ठेवले होते.

अशा मालाला इंग्रजीत ‘स्नेक ऑइल’, म्हणजे सापाचे तेल, म्हणतात. हा शब्द मुळात शिवी नव्हता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोहमार्ग टाकायला गेलेले चिनी मजूर दुखऱ्या सांध्यांना पाणसापाचे तेल चोळत, असे सांगतात. पुढे क्लार्क स्टॅन्ली नावाच्या विक्रेत्याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लोकांसमोर साप चिरून दाखवत आपले ‘सर्पतेल’ गाजवले. १९०६ मध्ये तेथे अन्न-औषध शुद्धतेचा कायदा झाला, त्याखाली काही वर्षांनी स्टॅन्लीचा माल जप्त झाला आणि सरकारी रसायनतज्ज्ञांना त्यात आढळले ते खनिज तेल, थोडी चरबी, लाल मिरची आणि बहुधा टर्पेंटाइन व कापूर. दंड झाला अवघा वीस डॉलर. परंतु बाटलीत काय आहे हे सरकारी कागदावर छापून आले, आणि त्या शब्दाची अब्रू गेली त्याला हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

आपल्याकडे उलट घडले आहे. माणसासाठी ‘भोंदू’ हा शब्द आहे, पण त्याच्या मालासाठी आपल्याजवळ केवळ स्तुतीचे शब्द आहेत. ‘अक्सीर’ हा अरबी ‘इक्सीर’वरून आला, ज्याच्यापासून इंग्रजीतला ‘एलिक्सिर’ही निघाला. ‘जालीम’चा मूळ अर्थ जुलमी, मराठीत मात्र औषध जालीम असणे हा त्याचा गुण ठरला. आणि ‘रामबाण’ म्हणजे न चुकणारा बाण. पंचवटीच्या गावात तो शब्द उच्चारल्यावर शंका काढायची कोणाची छाती होणार? आमच्या बाजारात सापाऐवजी घोरपडीचे नाव चालते. ते तेल खरे असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा, आणि खोटे असेल तर फसवणूक.

कायद्यांची उणीव नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याला मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, संधिवात अशा विकारांची यादीच जोडलेली आहे, आणि त्यांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही आईच्या बाटलीवरची चिठ्ठी भर बाजारात, दिवसाढवळ्या चिकटवलेली होती.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की, येत्या सिंहस्थात रामकुंड आणि साधुग्रामाच्या परिसरात तेले, चूर्णे व काढे विकणाऱ्यांकडून आपल्या विभागाने नमुने घ्यावेत, आणि त्यांत काय आढळले ते, विशेषतः सांधेदुखीच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले निघाल्यास, साध्या मराठीत मोठ्या अक्षरांत घाटावरच फलकावर लावावे. अहवाल फायलीत राहिला तर तो आईसारख्यांच्या कधी वाचनात येत नाही.

आणखी एक, थोडे बाजूचे पण मला महत्त्वाचे वाटणारे. त्या फलकांवर ‘वैदूंपासून सावधान’ असे कृपया लिहू नये. वैदू हे आपल्या राज्यातल्या एका भटक्या जमातीचे नाव आहे. बनावट औषधाला नाव द्यायचे म्हणून एका समाजाला आरोपी करणे योग्य नाही. ‘न तपासलेले औषध’ एवढे शब्द पुरेसे आहेत.

आईची बाटली निम्मी उरली आहे. आपल्या नाशिक कार्यालयाने नमुना म्हणून ती स्वीकारल्यास मी स्वतः आणून देईन.

आपला विश्वासू,
एक नाशिककर